निळी ज्योत, पिवळी ज्योत



खंडेनवमीला आपल्या घरी काय काय पूजेला मांडले जाते, ते जरा आठवून पाहा. नांगराचा फाळ येतो, कुळव येतो, विळा-खुरपे येते, औषध फवारायचा पंप येतो. ज्याच्या दारात ट्रॅक्टर असेल तो ट्रॅक्टर धुऊन त्याला झेंडूची माळ घालतो. मोटारसायकलसुद्धा सुटत नाही. पूजा हे निमित्त. खरे काम आदल्या दिवशीच झालेले असते. गंज खरवडला जातो, तेल-ग्रीस दिले जाते, सैल झालेला नट आवळला जातो. वाडवडिलांनी देखभालीला सण जोडून दिला, ही त्यांची हुशारी.

आता मला सांगा, त्या रांगेत स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी कधी आली आहे का?

फवारणीचा पंप वर्षातून मोजके दिवस चालतो. शेगडी मात्र वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, दिवसातून तीन-चार वेळा पेटते. घरातले सर्वांत जास्त राबणारे यंत्र तेच. तरी आपण तिला यंत्र समजत नाही, भांडे समजतो. वरचा पत्रा चकचकीत पुसला की काम झाले. तिच्या पोटात काय साचले आहे, नळीची काय अवस्था आहे, हे कोणी पाहत नाही. बाई म्हणते, यंत्रातले मला काय कळते? गडी म्हणतो, स्वयंपाकघरातले मला काय विचारता? या दोघांच्या मधे शेगडी बेवारस पडते.

उपदेश करण्याआधी स्वतःची चूक कबूल करतो, म्हणजे मन मोकळे होईल.

दिव्याखालचा अंधार

गेल्या श्रावणातली गोष्ट. एका गावचा शेतकरी मेळावा आटोपून रात्री साडेनऊच्या सुमारास घरी परतलो. मेळाव्यात माझा विषय कोणता होता, तर फवारणी पंपाची निगा! नोझल कसे धुवावे, वॉशर कधी बदलावा, नळीला चीर गेली तर काय होते, हे तासभर सांगून आलो होतो.

घराशी आलो तर घरात अंधार. वीज गेली म्हणावे, तर शेजारी दिवे लागलेले. ओसरीवर चढलो आणि सवयीने हात दाराशेजारच्या बटणाकडे गेला. तेवढ्यात गोठ्याकडून सौभाग्यवतींचा आवाज आला, “अहो, बटण दाबू नका! हात मागे घ्या आधी!”

वळून पाहिले तर गोठ्याच्या वळचणीला आई घोंगडी पांघरून बाजेवर बसलेली आणि सौ. तिच्याजवळ उभी. घराची पुढची-मागची दोन्ही दारे सताड उघडी. मग नाकाला तो ओळखीचा कुबट वास आला.

झाले होते असे. रात्रीची जेवणे उरकली, शेगडीच्या चाव्या बंद केल्या, दिवे मालवून दोघी आडव्या झाल्या. टाकीवरचा रेग्युलेटर मात्र चालूच होता. तुमच्याही घरी असतोच ना? पिठाच्या डब्यामागून गेलेली रबरी नळी उंदराने कुरतडली होती. सौ.ला वास आला तशी ती उठली. दिवा न लावता चाचपडत जाऊन तिने रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या आणि सासूबाईंना हाताला धरून बाहेर काढले. देवघरातले निरांजन तासाभरापूर्वीच शांत झाले होते. ते जर तेवत असते, किंवा मी ते बटण दाबले असते, तर आज हे सदर लिहायला मी कदाचित उरलो नसतो.

सकाळी उजेडात नळी हातात घेतली. उंदराचे दात तर दिसलेच, पण नळीवर छापलेले वर्षही दिसले. नळीला सात वर्षे झाली होती. ती पाचव्या वर्षी बदलायला हवी होती. मग शेगडी उलटी करून पाहिली. बर्नरच्या भोकांत उतू गेलेले दूध जळून बसलेले, आणि खाली जिथून हवा आत शिरते तिथे कोळ्याने छान घर केलेले. कित्येक महिने आमच्या भांड्यांचे बूड काळे होत होते आणि मी म्हणत होतो, भांडी नीट घासली जात नाहीत!

सौ. एवढेच म्हणाली, “लोकांच्या पंपाचं नोझल तुम्हाला कोसावरून दिसतं. घरातलं मात्र दिसलं नाही.” मी गप्प बसलो. बोलण्यासारखे काही ठेवलेच नव्हते तिने.

तेव्हा मंडळी, त्या दिवसापासून मी जे करतो, तेच तुम्हाला सांगतो.

ज्योत काय सांगते?

पिकाचे पान पिवळे पडले की आपण पानाला दोष देत नाही. मुळाशी ओल किती आहे, कीड आहे का, नत्र कमी पडले का, ते पाहतो. शेगडीची ज्योत हे तिचे पान समजा.

टाकीतला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण. दाबाखाली तो टाकीत पातळ होऊन राहतो आणि बाहेर पडला की सुमारे अडीचशे पट फुगतो. रेग्युलेटरमधून नळीत, नळीतून शेगडीत आणि तिथून पितळेच्या एका बारीक भोकातून तो जोराने बाहेर पडतो. या भोकाच्या तुकड्याला जेट म्हणतात. आपल्या पंपाचे नोझल असते, तसेच हे. जेटमधून सुटलेला गॅस शेजारच्या फटीतून हवा ओढून घेतो, पुढच्या नळकांड्यात दोन्ही मिसळतात आणि बर्नरच्या भोकांतून बाहेर येऊन पेटतात. उरलेली हवा ज्योत भोवतालून घेते. एक भाग गॅस पूर्ण जळायला पंचवीस-तीस भाग हवा लागते, हे ध्यानात ठेवा. बाकीचे सगळे त्यावरून आपोआप कळते.

हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी, आखूड, स्थिर आणि जवळजवळ आवाज न करणारी असते. प्रत्येक भोकावर निळा दात उभा राहिल्यासारखा दिसतो. हवा कमी पडली की ज्योत पिवळी, लांब आणि लवलवती होते. पिवळा रंग म्हणजे न जळलेल्या कोळशाचे कण. तेच भांड्याच्या बुडाला काजळी होऊन बसतात. म्हणजे पैसे देऊन आणलेला गॅस आपण भांड्याला फासतो आणि पुन्हा राख घेऊन घासत बसतो!

कधी मधेच नारिंगी ठिणगी दिसते. भाजीचे खारे पाणी किंवा धुळीचा कण ज्योतीत पडला की असे होते. त्याची काळजी नको. पण सगळी ज्योत सतत पिवळी राहिली, एका बाजूला पेटते आणि दुसऱ्या बाजूला विझते, फट्‌ असा आवाज होऊन आतल्या नळकांड्यातच जळू लागते, किंवा बर्नरवरून उचलून वर तरंगते, तर शेगडी आजारी आहे असे समजा. आतच जळू लागली तर लगेच चावी बंद करा, थंड होऊ द्या आणि बर्नर नीट बसला आहे का ते पाहा.

शेगडी धुण्याची रीत

हे काम सवडीने, दिवसाउजेडी करा. जवळ पेटती चूल, उदबत्ती, निरांजन काही नको.

पहिले काम, रेग्युलेटर बंद करणे. शेगडी पेटती ठेवून रेग्युलेटर बंद करा, म्हणजे नळीतला उरलेला गॅस जळून जाईल आणि ज्योत आपोआप विझेल. मग चाव्या बंद करा आणि शेगडी पूर्ण गार होऊ द्या. घाईघाईने गरम बर्नरवर गार पाणी ओतू नका.

दुसरे काम, वरची कडी आणि खालची ताटली काढून घ्या आणि बर्नर उचलून बाहेर काढा. कोणता बर्नर कुठल्या बाजूचा ते लक्षात ठेवा. लहान-मोठे असतील तर उलटसुलट बसत नाहीत, पण सारखे असतील तर घोटाळा होतो. खडूने खूण करा.

तिसरे काम, बर्नर कढत पाण्यात भांडी घासायची पूड टाकून अर्धा तास भिजत घाला. पितळी बर्नर असेल तर चिंच किंवा लिंबाच्या सालीने तो सोन्यासारखा निघतो. पांढऱ्या हलक्या धातूचा असेल तर आंबट किंवा धुण्याचा सोडा लावू नका, तो धातू खाल्ला जातो. मग जुन्या दात घासायच्या ब्रशने चोळा. भोके मोकळी करायला खराट्याची काडी घ्या. नारळाच्या हिराची असेल तर फारच उत्तम. दाभण, खिळा, सायकलची तार यांचे इथे काम नाही. भोक मोठे झाले की ज्योत बिघडली, आणि ते पुन्हा लहान करता येत नाही.

चौथे काम, बर्नर ज्या नळकांड्यावर बसतो ते आतून पुसा. लांब काडीला चिंधी घट्ट गुंडाळून फिरवा. हवेच्या फटीजवळची धूळ, कोळ्याचे जाळे, झुरळाची अंडी काढून टाका. इथे पाणी ओतायचे नाही, कोरडेच पुसायचे. बर्नर इतका स्वच्छ आणि ज्योत तरी पिवळी, असे का, म्हणून लोक डोके खाजवतात. बहुतेक वेळा चोर इथे लपलेला असतो.

पाचवे काम, बर्नर चांगला झटकून उन्हात वाळवा. आत पाणी राहिले तर ज्योत फुरफुरते आणि आपल्याला वाटते, धुतली म्हणूनच बिघडली! पूर्ण वाळला की जागेवर बसवा, डुलत नाही ना ते पाहा आणि मग पेटवून ज्योत तपासा.

एवढ्याला तासभर लागतो. ज्या घरात दूध तापवायचे असते त्यांनी महिन्यातून एकदा हे करावे. रोज रात्री गार झालेल्या शेगडीवरून ओला फडका फिरवला आणि दूध उतू गेले त्याच दिवशी बर्नर काढून धुतला, तर महिन्याचे काम दहा मिनिटांचे होते.

इथे हात लावू नका

जेट, चावीच्या आतला खुंटा आणि रेग्युलेटर, या तीन गोष्टी खोलू नका. जेटमध्ये सुई घातली की भोक मोठे होते. गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते, ज्योत पिवळी पडते आणि टाकी लवकर संपते. जेट तुंबलाच तर जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्या किंवा बदला. चावी जड फिरू लागली तर पक्कड लावून पिळू नका आणि आत गोडेतेल किंवा रॉकेल सोडू नका. तिला खास ग्रीस लागते. आपण सोडलेले तेल गॅसने वाळते, चिकट होते, आणि मग बंद केलेली चावीसुद्धा पूर्ण बंद होत नाही.

आपल्या एजन्सीचा कारागीर दर पाच वर्षांनी तपासणीला येतो. तो आला की ‘घरात कोणी नाही, नंतर या’ म्हणून परत पाठवू नका. नुसती वहीवर सही देऊनही लावू नका. त्याच्यासमोर शेगडी पेटवा, नळीवरची तारीख दाखवा, शंका विचारा. इंजिन उघडले की आपण मेकॅनिकच्या डोक्याशी उभे राहतो ना? तसेच इथे उभे राहा.

नळी आणि टाकी

आता त्या नळीविषयी, जिने माझे डोळे उघडले.

नळी आयएसआय शिक्क्याची, आत तारेची जाळी असलेली, सुरक्षा नळी म्हणून मिळते तीच घ्या. बाजारातली साधी रबरी नळी दिसायला तशीच असते, पण उंदराच्या दाताला आणि उष्णतेला टिकत नाही. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. तुकडे जोडून नळी लांबवू नका. ती शेगडीच्या खालून किंवा बर्नरच्या पाठीमागून नेऊ नका, गरम भांडे तिला टेकता कामा नये. पाच वर्षे झाली की चांगली दिसली तरी बदला. पुसायची तर नुसत्या ओल्या फडक्याने. आणि तिला कापड किंवा दुसरी नळी पांघरू नका, कारण झाकलेली चीर दिसत नाही. पिठाच्या डब्यामागे, धान्याच्या कोठीमागे नळी लपवली की उंदराला आडोसा मिळतो. सगळी नळी एका नजरेत दिसेल अशी ठेवा.

महिन्यातून एकदा नळी हाताने हळूच वाकवून चिरा आहेत का ते पाहा. गळतीची शंका आली तर साबणाचा फेस करून दोन्ही टोकांच्या जोडांना लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. फेस नंतर साध्या पाण्याने पुसून टाका. काडी ओढून गळती शोधणारा शहाणा मी पाहिला आहे. त्याच्या भुवया पुन्हा उगवल्या, पण सगळ्यांचेच नशीब तेवढे नसते.

टाकीचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीवर पाण्यासारखा पसरतो आणि खोलगट जागी साचतो. म्हणून टाकी उभीच ठेवा, खड्ड्यात किंवा बंद कपाटात ठेवू नका. शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढे गावोगाव चूल असलेल्या घरात टाकी आली. चांगले झाले, आयाबायांचे डोळे धुरातून सुटले. पण पुष्कळ घरांत पाणी तापवायची चूल आणि गॅसची टाकी एकाच खोलीत, हातभर अंतरावर असते. गॅस जमिनीवरून सरपटत जातो आणि चूलही जमिनीवरच. तेव्हा चूल बाहेर पडवीत न्या. ते जमत नसेल तर दोन्ही एका वेळी पेटवू नका आणि चूल पेटती असताना टाकी बदलू नका.

नवी टाकी आली की तोंडावरचे सील पाहा. झाकण काढून आतली रबरी चकती जागेवर आहे का ते पाहा. टाकीच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी असे अक्षर आणि वर्षाचा आकडा रंगवलेला असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या मुदतीपर्यंत टाकीची चाचणी व्हायची असते. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख आपण पाहतो, मग ही का नको?

गोबरगॅस असणाऱ्यांसाठी

ज्यांच्या परसात गोबरगॅसचा घुमट किंवा तरंगती टाकी आहे, त्यांचे प्रश्न थोडे निराळे. १९८४ साली आलेल्या दीनबंधू नमुन्याची घुमटे मी माझ्या नोकरीत बरीच पाहिली. कित्येक ठिकाणी घुमट ठणठणीत आणि शेगडी मात्र माळ्यावर! विचारले तर उत्तर एकच, “गॅस येतो, पण जळत नाही साहेब.”

गोबरगॅसमध्ये जळणारा मिथेन निम्म्याहून थोडा अधिक असतो. उरलेला बहुतेक भाग कर्बवायूचा, जो जळत नाही. त्यामुळे एक भाग गोबरगॅसला पाच-सहा भागच हवा लागते आणि जेटचे भोक मोठे लागते. म्हणून टाकीची शेगडी गोबरगॅसला चालत नाही. ज्योत मिणमिणते आणि विझते. उलट गोबरगॅसची शेगडी टाकीला तर चुकूनही जोडू नका. मोठ्या भोकातून गॅसचा लोट येईल आणि भडका उडेल.

गोबरगॅसच्या शेगडीला हवेची चकती असते. ती बंद ठेवून शेगडी पेटवा आणि मग हळूहळू उघडत जा. ज्योत निळी आणि स्थिर झाली की थांबा. जास्त उघडली तर ज्योत उचलून विझते. या गॅसबरोबर बाष्प येते आणि त्याचे पाणी नळीत साचते. ज्योत धाप लागल्यासारखी वरखाली होऊ लागली की समजा, नळीत पाणी आहे. वाटेत पाणी काढायची तोटी असते, ती आठवड्यातून एकदा उघडा. त्या वेळी जवळ विस्तव नको. या गॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वास ज्या वायूचा, तोच लोखंड आणि पितळ खातो. म्हणून ही शेगडी टाकीच्या शेगडीपेक्षा लवकर गंजते आणि गंजाचा कण जेटमध्ये अडकतो. महिन्यातून एकदा ती खोलून पुसा. शेण-पाणी घालायला आपण चुकत नाही, मग शेगडी पुसायलाच का कंटाळावे?

न दिसणारा शत्रू

हल्ली गावातल्या नव्या घरांत न्हाणीसाठी गॅसचा गिझर बसवतात. त्याची ज्योत पिवळी पडली तर ते नुसते काजळीचे प्रकरण नसते. अर्धवट जळालेल्या गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात माणसाचे डोके जड होते, झोप आल्यासारखे वाटते आणि तो तिथेच कोसळतो. हाक मारायचेही भान राहत नाही. म्हणून गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. वर्षातून एकदा थंडी सुरू होण्यापूर्वी कारागिराकडून साफ करून घ्या. ऊब हवी म्हणून शेगडी पेटती ठेवून खोली बंद करून झोपणे, हाही तसाच जीवघेणा प्रकार.

वास आला तर

हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवे, शाळेतल्या पोरांनाही. मूळ गॅसला वास नसतो. आपल्याला सावध करण्यासाठीच त्यात वासाचे द्रव्य मिसळलेले असते. वास आला की दिव्याचे, पंख्याचे कुठलेही बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडते. विस्तव, निरांजन, विडी विझवा. रेग्युलेटर बंद करा. दारे-खिडक्या उघडा. म्हातारी माणसे आणि मुले यांना बाहेर न्या. फोन बाहेर अंगणात जाऊन करा. १९०६ हा गॅस गळतीच्या मदतीचा क्रमांक, तो दिवसरात्र चालतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने ठळक लिहून ठेवा.

आणि रोज रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायचा. शेगडीच्या चाव्या बंद केल्या की झाले, असे म्हणू नका. पाइपलाइनचा मुख्य कॉक उघडा ठेवून आपण रात्री रानातून घरी येतो का? आमच्या घरी आता तो नेम झाला आहे. सौ. शेगडी बंद करते, रेग्युलेटर मी बंद करतो, आणि आई अंथरुणावरून विचारते, “केलास का रे बंद?” तीन माणसांची राखण आहे त्याच्यावर.

भारतीय मानकाप्रमाणे चांगली शेगडी गॅसच्या शंभर भाग उष्णतेपैकी निदान ६८ भाग भांड्याला पोहोचवते. घेतली त्या दिवशी ती तशीच असते. पुढे ती तशी राहते की नाही, हे कारखान्याच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. टाकीत गॅस भरतो तो १४.२ किलो. लवकर संपला की आपण माप मारल्याची तक्रार करतो. माप जरूर तपासा, पण त्याआधी एकदा खाली वाकून ज्योतीचा रंग पाहा.

तर मंडळी, येत्या खंडेनवमीची वाट पाहू नका. उद्या सकाळी चहा करताना ज्योत पाहा, नळीवरचे वर्ष वाचा. आणि खंडेनवमीला पंपाशेजारी, फाळाशेजारी शेगडीलाही पाट मांडा. आदल्या दिवशी ती धुवायला मात्र घरातल्या कर्त्या पुरुषानेच बसायचे. त्या दिवशी बायकोला काय वाटते ते पाहा. माझ्या घरी काय झाले ते सांगत नाही, पण चहा दोनदा मिळाला.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी